झाडलेली जागा

मोह तोडता येत नाही.
हे मला झुरूबाई हलामीनं सांगितलं,
चिखलटोल्याच्या बोडीमागे,
पहाटेच्या साडेतीनला, बॅटरीच्या उजेडात.
काठीनं पाडलेलं फूल कच्चं, रस भरलेला नसतो.
"ते आपल्या मनानं पडते, बाबू. आपण आयकाचं."

ऐकलं.
टप्.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग टप् टप्, जणू अंधार
स्वतःशीच आपले दुधाचे दात मोजतोय.

मी तेव्हा ग्रामपंचायतीच्या
बाद पावतीपुस्तकांच्या पाठीवर कविता लिहायचो.
आली तर आली.
नाही आली तर लाइन गेली, सासरा आला,
चहात साखर कमी होती.
कारणांना गावात तोटा नाही.

तिनं मात्र आठ दिवसांपासून
झाडाखालचा पाला ओढला होता,
खडे वेचले होते.
लोक जाळ लावून मोकळे होतात, ती लावत नाही.
राखेतलं फूल राखेचंच लागते, म्हणते.
फड्यानं झाडून जमीन अशी केली होती
की लेकरू निजवावं.
वर तेव्हा नुसते कळ्यांचे झुपके.

"अन् नाईच पडलं त?"
ती हसली नाही.
"त झाडलेलं रायते."

त्या दिवशी आभाळ होतं. अर्धी टोपलीही भरली नाही.
तेवढीच तिनं अंगणात पसरली,
चारदा हातानं उलथली,
एकेका फुलातले झिरे काढत बसली.
सांजेला म्हणाली,
"ओल्या पायलीची वाळून अधोली होते.
उडते ते पाणी. त्याच्यासाठी रडाचं नाई."

रात्री मी पावतीपुस्तक काढलं.
एकवीस ओळी होत्या. उलथल्या.
चांदण्याचं कडवं काढताना हात अडला,
इतकं गोड होतं.
मुंग्या त्यालाच लागल्या होत्या.
सात उरल्या.
त्यातली एक अजून ओली आहे,
बोटाला चिकटते.

आज पुन्हा आलोय.
आमच्या आधी अस्वल येऊन गेलंय,
फुलं चाटून साफ.
झाडलेल्या मातीवर त्याचे पंजे,
पाचही नखं वेगवेगळी मोजता येतील इतके स्वच्छ.
पाल्यात ते आल्याचंही कळलं नसतं.

मी वाकून बघत राहतो.
झुरूबाई फडा घेऊन दुसऱ्या झाडाकडे निघालीये.
"बॅटरी विझवा," तिकडून म्हणते,
"सेल कायले जाळता?"