स्थिरांक

जहाज काट्यावर चढवता येत नाही.
समुद्रालाच विचारावं लागतं, किती?

ताबोनिओच्या नांगरतळावर, पहाटे साडेचारला,
जुंबेरीच्या होडीत मी उकिडवी.
एका हातात टॉर्च, दुसऱ्यात दोरीला बांधलेली बाटली,
आणि नाकासमोर लोखंडाची भिंत,
तिच्यावर पांढरे आकडे.
आकडा दहा सेंटिमीटर, वरची मोकळी जागाही दहा.
लाट चढते, बारा गिळते.
उतरते, बारा ओकते.
मी थांबते.
कधीतरी, दोन लाटांच्या मधे,
पाण्याला आपण पाणी असल्याचा विसर पडतो,
तेवढ्यात वाचायचं.
बारा मीटर एकेचाळीस, मी म्हणते.
चाळीस, जुंबेरी म्हणतो.
त्याला शाळा नाही, बावीस वर्षं होडी आहे.
मी लिहिते साडेचाळीस.

मग नाळेशी. मग सुकाणूपाशी.
मग पलीकडच्या कुशीला पुन्हा तेच तीनदा.
बाटली खाली सोडते, भरून वर ओढते:
बारितो नदीचं गोडं आणि समुद्राचं खारं
एकमेकांत किती मुरलंय, काचेची नळी सांगते.
गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं.
माणसांचंही तसंच, असं आमचे साहेब म्हणायचे,
त्यांना कुणी उत्तर द्यायचं नाही.

वर, ऑफिसात, कॉफी.
चीफ ऑफिसर दुमांकास, इलोइलोचा,
डोळे तांबारलेले, तीन रात्री क्रेनच्या दिव्याखाली.
सातव्या तळघरातला कोळसा गरम लागतोय म्हणतो,
पंचेचाळीस अंश, थर्मामीटर दाखवतो,
आजारी मुलाचा दाखवावा तसा.

आम्ही वजाबाकी मांडतो.
एकूण वजनातून लोखंड वजा, डिझेल वजा,
टाक्यांतलं पाणी वजा, तांदूळ, दोर, साखळदंड वजा.
आणि शेवटी ते एक वजन
जे कुठल्याच रकान्यात बसत नाही.
रिकामं जहाज कागदावर असतं
त्याहून पाण्यात नेहमी थोडं जड भरतं.
त्या जादा टनांना आमच्यात स्थिरांक म्हणतात,
जरी तो कधीच स्थिर नसतो.
मागच्या खेपेला दोनशे ऐंशी.
तीन दिवसांपूर्वी, रिकामं आलं तेव्हा, तीनशे एकोणीस.

एवढं काय वाढलं, मी विचारते.
चिखल, तो म्हणतो. नऊ बंदरांचा, टाक्यांच्या तळाशी.
रंगावर रंग, त्यावर रंग.
गंजसुद्धा, गंजाला वजन असतं.
मग जरा थांबून:
बोसनचे डंबेल्स आहेत, खाली.
त्याला सांतोसच्या इस्पितळात उतरवला, तो परत आला नाही.
कुणी उचलायला तयार नाही.
किती किलो?
ऐंशी असतील. तो भारी माणूस होता.
ऐंशी किलोंनी टनाला काही होत नाही,
हे आम्हा दोघांना माहीत असतं.

अडुसष्ट हजार चारशे दहा टन.
मी सही करते, नोरहालिमा, खाली तारीख.
हा कोळसा दोन दिवस बार्जवरून आला
जिथून, तिथे आमची टेकडी होती.
फार उंच नव्हती. अबांची रबराची झाडं होती तिच्यावर.
जमीन विकून अबा हजला जाऊन आले,
घरावर पत्रा आला, मला कॉलेज आलं.
टेकडी केवढी होती गं, ते एकदा म्हणाले,
तू तर मोजतेस.
मी मोजली होती. एकोणीस जहाजं.
सांगितलं नाही.

अजून रात्री दोनला उठतात,
चीक काढायची सुरी दगडावर घासतात,
झाडांकडे जायच्या वेळेपर्यंत पायरीवर बसतात.
सुरीचं पातं आता
घासून घासून चिंचोळं झालंय.

होडी परत वळते तेव्हा उजाडलेलं असतं.
मागे जहाज नांगर ओढून घेतंय,
साखळीवरून नदीचा चिखल निथळतोय, सगळा नाही.
फोन लागतो.
काय वाचलंस आज?
साडेचाळीस.
जुंबेरी काय म्हणाला?
चाळीस.
मग चाळीसच असणार, अबा म्हणतात,
आणि मागे दगडावर
सुरी फिरत राहते.