रिपोर्ट डॉक्टर सांगतील

पहाटे साडेपाचला माझी स्कूटी निघते तेव्हा
दोंडाईच्यात जागे असतात फक्त पाववाले,
सुरतेच्या गाडीला निघालेले दोन-चार जण
आणि ज्यांना मी काल म्हटलं होतं,
रात्री नऊनंतर काही खाऊ नका, ते.

मिरचीचा हंगाम आहे.
पथाऱ्यांवर लाल पसरलंय नजर जाईल तिथवर,
ठसका लागतो हेल्मेटच्या आतसुद्धा.
माझ्या पेटीतलं लाल मात्र गप्प,
राखाडी बुचात, पिवळ्या बुचात,
बर्फाच्या पिशवीला टेकून.

द्वारकाबाई भदाणे ओट्यावर हात पसरून तयार.
उपाशी आहात ना, मावशी?
"चाळीस वरीस उपास धरात व माय,
मोजाले कोनी नही उनं."
मूठ मिटा म्हटलं तर अशी मिटते
की आत दोन रुपये आहेत आणि मी मागायला आलेय.
"सुई बारीक लाव."
सुई सगळ्यांना एकच. हे मी कुणाला सांगत नाही.

बारा वर्षांत आणखी पुष्कळ सांगितलेलं नाही.
संध्याकाळी भाजी घेताना समोर उभा माणूस
मला आकड्यांनी ओळखू येतो,
त्याला अजून माहीत नसलेल्या आकड्यांनी.
तो कोथिंबिरीचा भाव पाडत असतो.
मी एवढंच म्हणते: रिपोर्ट डॉक्टर सांगतील.
जावयांना म्हटलं, सासवांना म्हटलं,
एकदा स्वतःच्या नवऱ्यालाही म्हटलं.

काल दुपारी योगराज गिरासे आला होता.
एकवीस वर्षांचा. पोलीस भरती, फिटनेसचा कागद हवा.
मशीनने लिहिलं, पांढऱ्या पेशी एक लाख बारा हजार,
आणि शेजारी एक चांदणी काढली.
मशीनला शिव्या दिल्या. नळी हलवली, पुन्हा लावली.
एक लाख अकरा हजार आठशे.
मग काच घेतली, थेंब ओढला, रंग चढवला.
एरवी एका नजरेत पांढऱ्या दोन-तीन दिसतात,
दुपारच्या गल्लीत माणसं दिसावीत तशा.
काल तिथे आठवडे बाजार भरला होता.
डॉक्टर फोनवर थोडा वेळ बोललेच नाहीत.
मग म्हणाले, उद्या परत घे. आणि तू काही बोलू नकोस.

आणि आज शहादा रस्त्याला तोच,
डांबरावर बुटांचा आवाज करत, गाडीच्या बरोबरीने.
"ताई, झाला का रिपोर्ट?
सोळाशे मीटर पाच-आठमध्ये मारायचो,
आता पाच-एकवीस लागतात. ऊन वाढलंय ना."
सहा वाजून गेले होते. ऊन अजून यायचं होतं.

माझं नेहमीचं वाक्य जिभेवर आलं आणि थांबलं.
आज ते म्हटलं असतं
तर त्यातच सगळं सांगून झालं असतं.
म्हणून म्हटलं, रक्त गोठलं रे कालचं,
परत द्यावं लागेल.

"मग घ्या ना आत्ताच," म्हणत
तो मैलाच्या दगडावर बसला, बाही वर केली.
पट्टा बांधायचीही गरज नव्हती,
शीर अशी, विहिरीच्या दोरासारखी.
सुई लागली, त्याने पाहिलंही नाही,
लांब पथारीवर मिरची उलटणाऱ्या बायकांकडे बघत होता.
जांभळं बूच. नाव. वय. सहा-बारा.
नळी हातात कोमट लागली.

कापूस दाबून उठला.
चार पावलं गेला, वळला.
"परत पैसे लागतील का?"
नाही, म्हटलं.
"आणि तारीख आजची टाका बरं का, कागदावर."

तो पुलाच्या उतारावर दिसेनासा झाला.
मी स्कूटी स्टँडला लावून तिथेच उभी,
नळी हळूहळू उलटी-सुलटी करत, आठ वेळा,
नियमाप्रमाणे,
गोठू नये म्हणून.