मुद्दा सातवा

मोन्तेविदेओ. समुद्रासारखी दिसणारी नदी खिडकीबाहेर,
टेबलावर कडू येर्बाचा एक तुंबा,
एकच नळी, सात तोंडं.
मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.

मुद्दा सातवा: शाळांच्या संगणकांसाठी जी नवी प्रणाली होते आहे
तिला मुळातच आवाज असावेत का?
सुरू होताना, चुकताना, चिठ्ठी येताना,
कचरा रिकामा होताना.
की तिनं जन्मतः मुकंच असावं
आणि ज्याला हवी त्यानं तिला वाचा द्यावी?

वॉशिंग्टन म्हणाला, मुकंच.
(हे त्याचं नाव. इथं ठेवतात अशी.)
तीन तास खांद्यावर घेऊन फिरलो
तेव्हा पोरीचा डोळा लागला.
एका हातानं हळूच झाकण उघडलं
तर ते यंत्र असं गायलं
की जणू त्याचा सत्कार ठेवला होता.
पाहुण्यानं दाराशी खाकरावं,
या म्हटलं तर आत यावं.
हा चपलांसकट थेट स्वयंपाकघरात!

नेलिदा एचेगोयेन ताकुआरेम्बोहून आली होती,
पाच तासांची बस, मांडीवर पोरांच्या वह्या.
माझ्या वर्गात तेवीस, ती म्हणाली.
सकाळी झाकणं उघडतात,
तोच सूर तेवीस वेळा, मागंपुढं,
पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.
बाहेर बांधलेला घोडा कान टवकारतो.
खरं सांगते, डोकं उठतं.
पण एका मंगळवारी बावीसच वाजले.
मी फळ्याकडे तोंड करून होते.
वळले.
मिल्तॉन बंद झाकणावर गाल टेकून बसलेला.
पुढचं इथं सांगायचं नाही.

हजेरी घ्यायचीस, कुणीतरी म्हणालं.
हसले सगळे.
ती नाही हसली.

मग रोसाउरानं नमुने ऐकवले.
चुकीसाठी तिनं टिटवी आणली होती,
कुरणात दोन पहाटा पालथं पडून टिपलेली.
तिकडे तिला टेरो म्हणतात.
नेलिदा म्हणाली, लबाड पाखरू,
अंडी एकीकडे, आरडाओरडा दुसरीकडे.
मग हाच घ्या, वॉशिंग्टन म्हणाला,
आपल्या प्रणालीतली चूक तरी
कधी ओरडते तिथं सापडली आहे?

आल्सिदेस तोवर गप्प होता.
तपासणीचं काम त्याचं. जन्मापासून दिसत नाही.
तुंब्यात पाणी तो भरतो,
थेंबभरही बाहेर नाही,
काठाशी येताना पाण्याचा आवाज बारीक होतो म्हणतो.
तुम्ही म्हणता, तो बोलला, ज्याला हवा तो सुरू करेल.
कुठून?
आवाजाचं बटण शोधायला मला आवाज लागतो.
तुमची शांतता म्हणजे शांतता.
माझ्यापुढं गप्प यंत्र आलं की
ते बंद आहे, मेलं आहे,
की माझ्या उत्तरासाठी थांबलं आहे,
कसं कळावं?

वॉशिंग्टननं तुंबा त्याच्या हातात दिला.
मत मात्र बदललं नाही.
त्याच्या डोळ्यांखाली अजून ती रात्र होती.

तीन विरुद्ध तीन.

घरी येऊन मी माझा संगणक उघडला.
तो कधीपासून मुका आहे, मला आठवेना.
मी केला, की तसाच आला होता?
शोधू म्हटलं.
एका यादीतून दुसरीत, तिथून तिसरीत,
करड्यावर करडी अक्षरं,
जिथं असेल वाटलं तिथं भाषा आणि तारीख.
सापडलं शेवटी.
टुक, असं काहीतरी वाजलं,
आणि मी चक्क मागं वळून दाराकडे पाहिलं.

मग इतिवृत्त पुरं केलं.
मुद्दा सातवा: समसमान मतं. तहकूब.
आणि समासात, पेन्सिलीनं,
जे कुणी विचारलं नव्हतं:
दोन धड डोळे.
अकरा मिनिटं.