तिऱ्हाईत

एकतीस वर्षं पणजीच्या ऑफिसात
मोटार क्लेमच्या टेबलाशी बसलो.
थर्ड पार्टी म्हणजे तिऱ्हाईत.
तिऱ्हाईताला वय असतं, उत्पन्न असतं,
मोडलेल्या हाडाचा टक्का असतो,
चेहरा बहुतेकदा झेरॉक्समध्ये काळा आलेला.

रिटायर झालो, साखर वाढली,
भाच्याची सायकल माळ्यावरून उतरवली.
तिला नंबर नाही, आरसी नाही,
पॉलिसीचा तर प्रश्नच नाही.
फेरीबोटीत पहिल्यांदा तिला धरून उभा राहिलो
तेव्हा शाळा बुडवल्यासारखं हलकं वाटलं.

ओहोटीला चोडणचा धक्का लांब होतो,
खालचा भाग उघडा पडतो, शेवाळी.
बोट सुटेल म्हणून मी उतारावर सोडली,
ब्रेक दाबला, ब्रेकने ऐकलं नाही.
समोरून ती चढत होती,
डोक्यावर छत्री, बगलेत कापडाचं गाठोडं.
"म्हजो हात, रे!"
फिर्मिना काब्राल, वय त्रेपन्न,
व्यवसाय शिवणकाम, उजवं मनगट.
बघा, तिच्या शेजारी चिखलात बसून
मी मनातल्या मनात फॉर्मच भरत होतो.

बांबोळीला प्लास्टर घातलं.
जावई बाकावर बसून म्हणाला,
"कार असती तर इन्शुरन्सने दिले असते."
मी तिला कारने उडवायला हवं होतं
असा काहीसा सूर होता त्याचा,
आणि हिशेबाने पाहिलं तर
चुकत नव्हता.

रविवारी ग्रामसभेत ठराव आला:
सायकलवाल्यांनीही विमा काढावा.
मांडला गोकुळदास वेरेंकरांनी,
त्यांच्या नव्या गाडीला एक चरा आहे
पेडलच्या उंचीवर.
पोदेर बॉस्त्यांव उठला,
"पावामागे चार दमड्या सुटतात,
त्यातली कुठली देऊ?"
सातवीतल्या एका मुलीने विचारलं,
हप्ता पप्पांनी भरायचा की तिने.
मग सगळे माझ्याकडे वळले. तज्ज्ञ.

मी म्हणालो, हप्ता थोडाच येईल,
फिशथाळीपेक्षा कमी.
तो गोळा करायला मात्र
दोन थाळ्या खर्च होतील.
आणि विना पॉलिसी पळणाऱ्या पोराला पकडायचं कुणी?
पोलिसाला सायकल द्यावी लागेल,
तिचा विमा सरकार काढेल.
हशा पिकला. मलाही बरं वाटलं.
तेवढ्यात मागच्या रांगेत
एक डावा हात वर झाला.
"आनी म्हजें कितें?"

पंख्याचा आवाज ऐकू आला.
सचिवांनी वहीत लिहिलं:
विषय पुढील सभेत.

मी घरी जाऊन गणित मांडलं.
वय, उत्पन्न, बुडालेले दिवस, गुणक.
आकडा आला, तो पाकिटात घालून गेलो.
तिने पैसे मोजले, डब्यात ठेवले,
म्हणाली, "दिले ते बरं केलंस.
पण अकरा फ्रॉक तारखेचे आहेत,
नवरीच्या मैत्रिणी पाकीट अंगात घालणार?"

म्हणून मंगळवार, गुरुवार
मी सकाळच्या फेरीने येतो,
सायकल तिच्या पडवीत, चिकूला टेकवून,
आणि मशीनच्या पायट्यावर पाय ठेवतो.
ती शेजारी स्टुलावर,
डाव्या हाताने कापड सरकवते,
प्लास्टरचं कोपर मधूनमधून माझ्या बरगडीत.
"सावकाश. वळण आहे."
"ब्रेक!"
हा ब्रेक लागतो. तळहाताने चाक थांबवायचं,
एवढंच.

सात झाले.
आठव्याची झालर कालव्यासारखी वाकडी गेली.
चष्मा नाकावर उतरवून तिने पाहिलं,
बराच वेळ पाहिलं,
मी क्लेम फेटाळण्याआधी पाहायचो तसं.
मग कात्री माझ्यापुढे सरकवली.
"उसव."