शनिवारच्या सिनेमाचा अहवाल

तांडेल मॅडम म्हणाल्या, तुम्ही आधी बघून सांगा,
आठवी ते बारावीची सतरा मुलं आहेत,
शनिवारी क्लबहाउसात पडदा लावायचाय.
सिनेमा हलकाफुलका आहे म्हणतात, प्रेमाबिमाचा,
पण नंतर कुणाची कटकट नको.
तुम्ही कसे, वैधमापनवाले,
तुमच्या नजरेतून पाच ग्रॅम सुटत नाही.

तर रविवारी दुपारी बसलो,
सीवूड्स, सेक्टर अठ्ठेचाळीस, तिसरा मजला,
पंखा पाचावर, मांडीवर ऑफिसची वही,
डावीकडे वेळ, उजवीकडे दोष.
तेरावं मिनिट : चुंबन, एक.
एकोणिसावं : बिअर. लेबल झाकलेलं.
सव्विसावं : मित्राच्या पोटावरून विनोद
(असाच एक निहारला सातवीत वर्षभर पुरला होता,
हे लिहिलं नाही, पण पेन थांबलं).
शिव्या तीन. त्यातली मालवणी मला आवडली.

बाकी सिनेमा गोड.
नायिका चिडकी, तिचे वडील
दाराची साखळी न काढताच बोलतात.
मी दोनदा मोठ्यानं हसलो.
मग तो तिच्या इमारतीखाली उभा राहायला लागतो.
रोज. हातात फलक.
ती खिडकी लावून घेते,
तो दुसऱ्या दिवशी मोठा फलक आणतो.
वॉचमन हसतो, इस्त्रीवाला हसतो, मागे गिटार.
नवव्या दिवशी ती खाली येते.
मीही हसत होतो. ही तर आमचीच गोष्ट.

सत्त्याण्णव साल, वाशी, सेक्टर दोन,
सिडकोच्या बी टाइप इमारती,
समोर पिठाची गिरणी, तिच्या कट्ट्यावर मी,
अकरा संध्याकाळी, एकुलता बरा शर्ट
पांढरा होत बसलेला.
प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला
मी हे सांगतो,
शर्टावरच्या पिठाला सगळे हसतात.
नीलांबरीही हसते. निदान
मी बघत असतो तेव्हा.

ती मेथी निवडत होती.
सिनेमा थांबवून मी सहज विचारलं,
तेव्हा भीती वाटली होती का गं तुला?

तिनं हातातली जुडी संपवली.
म्हणाली, मंदारला न्यायचे ना सोबत क्लासला.
नऊ वर्षांचा होता. त्याच्या खिशात
मी तिखटाची पुडी ठेवलेली.
मग म्हणाली, तू वाईट नव्हतास रे.
पण ते मला बाराव्या दिवशी कळलं.
अकरा दिवस मला कुठे माहीत होतं?

देठ वेगळे, पानं वेगळी.
खाली कुणाची तरी गाडी मागे घेताना
तेच ते ट्यँव ट्यँव वाजत राहिलं.

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
मी काट्यापुढे उभा राहतो तेव्हा
आधी पारडं रिकामं करायला लावतो.
व्यापारी म्हणतो, साहेब, वर्षानुवर्षं हाच काटा,
कुणाची तक्रार नाही.
मी म्हणतो, तक्रार नाही म्हणजे शून्य नाही.

वहीत चुंबनावर काट मारली.
दोघांनाही हवं होतं, स्वच्छ दिसत होतं.
बिअरवरही मारली.
बेचाळीस ते एकावन्न मिनिटं, एवढं लिहिलं
आणि पुढे काय लिहावं कळेना.
अश्लील नाही. मारामारी नाही.
त्याला रकानाच नव्हता.

निहार दारात आला. पंधरावं सरत आलेलं,
ओठावर काजळ फिसकटल्यासारखी मिशी.
पास का नापास, बाबा?
म्हटलं, बस. आठवा दिवस पुन्हा लावतो.
त्याच्याकडे बघू नकोस, फक्त खिडकी बघ.
तो म्हणाला, खिडकी तर बंदच आहे.

हो.

तांडेल मॅडमना कळवलं, दाखवा.
चुंबन कापू नका.
मधे पाच मिनिटं दिवे लावा, मला बोलायचंय.
नीलांबरी बोलली तर जास्त बरं.
तिला एकदा विचारलंय.
ती अजून हो म्हणालेली नाही.
मी पुन्हा विचारलेलं नाही.