वजा नऊशे बारा

पहिला थर घुमटाचा.
उजवी बोटं कातड्यावर,
डावा तळवा मडक्याच्या तोंडावर उघडझाप करत.
पायानं पेडल दाबलं, आवर्तन मिटलं
आणि आपलं आपण फिरू लागलं.
दुसरा थर त्यावर ठेवला,
तो मागे पडला.

फार नाही.
उंबऱ्याशी पायपुसणं बोटभर सरकलेलं असावं
आणि पाऊल रोज तिथंच अडखळावं,
एवढंच.
तिसरा थर दुसऱ्याला ऐकत बसला, म्हणून आणखी मागे.
चौथ्यापर्यंत खोलीत आरती सुरू होती
आणि प्रत्येकाची टाळी वेगळी.

बफर उतरवत गेलो.
पाचशे बारा. दोनशे छप्पन. एकशे अठ्ठावीस.
चौसष्टवर आवाजात फुटाणे फुटायला लागले.
घाई केली की यंत्रही तोतरं होतं,
हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

चौघं होतो तेव्हा असलं काही मोजलं नाही.
जोकी तालमीला कायम अर्धा तास उशिरा,
विचारलं तर म्हणायचा, फेरी चुकली.
राहायचा मळारलाच, धक्क्याच्या अलीकडे.
रोहिदास यायचा तोच भांडून आलेला.
इमेल्डा तर एकदा सोमवारची मंगळवारी आली,
हातात सान्नांचा डबा, चेहऱ्यावर काहीच नाही.
पण समेवर?
समेवर तिघंही माझ्याआधी पोचलेले असायचे
आणि वर मान करून बघायचे,
हा येतो की नाही.

आता लॅपटॉप आहे.
आठ म्हणजे आठला उघडतो, कुणाशी भांडत नाही,
आणि समेवर मात्र
चप्पल शोधत येतो.

रात्री अकराला शेवटी एक वायर घेतली.
ज्या भोकातून आवाज बाहेर पडतो तिथून
ज्या भोकातून आत जातो तिथे, थेट.
मध्ये ना माइक, ना हवा, ना मी.
एक टिचकी सोडली.
गेली, आली.
पडद्यावर दोन काटे उभे राहिले,
मधलं अंतर मोजलं: नऊशे बारा नमुने.
सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार, म्हणजे
एकोणीस हजारांश.
इतका वेळ तो स्वतःशी बोलायलाही घेतो.
थोडा राग गेला माझा.

एक चौकट असते, तिथे आकडा भरायचा असतो.
वजा नऊशे बारा.
म्हणजे जे आत्ता वाजलं
ते मघाशी वाजलं होतं असं धरून चाल.
हे ऐकायला विचित्र, पण
फेरीत आपण दुसरं काय करतो?
रॅम्प अजून पाण्यावर लोंबतोय,
धक्का दोन हात लांब,
आणि सगळ्या स्कूटर सुरू झालेल्या असतात.
कुणी शिकवलेलं नसतं.
टेकल्याचा आवाज येईतो पहिली दुचाकी
चढावर पोचलेली असते.

भरला आकडा.
घुमट, त्यावर टाळ, त्यावर बास
(जोकीची चाल, जोकीसारखी जमत नाही),
त्यावर इमेल्डाच्या ओळी माझ्या आवाजात, एक पट्टी खाली.
सगळं बसलं. एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलं.
वर मान करून बघणारं कुणी नव्हतं,
तेवढं सोडून.

जोकी जहाजावर आहे, कुठल्याशा बारमध्ये वाजवतो.
रोहिदासला वेर्णाला रात्रपाळी, गोळ्यांच्या कारखान्यात.
इमेल्डा स्विंडनला; तिच्या वेळेचा हिशोब
मी अजून चुकतो, साडेचार की साडेपाच.

शनिवारी आश्वेंच्या शॅकवर सामान मांडलं.
एक स्टूल, एक घुमट, एक गिटार, पायाशी पेडल.
मालकानं वायरी पाहिल्या, मला पाहिलं,
माझ्या मागची रिकामी वाळू पाहिली.
"हेर खंय?"

"येतात," मी म्हटलं,
आणि पहिला थर सुरू केला.