खंड एकेचाळीस, पान दोनशे बारा

मार्चच्या पहिल्या मंगळवारी ठराव मंजूर झाला.
त्रेसष्ट हात बाजूनं, अठ्ठेचाळीस विरोधात.
मोजले मीच. टाउन क्लार्क म्हणून ते माझं काम.
नॉर्थ वेल्बी, व्हरमाँट. बाहेर गुडघाभर बर्फ,
आत कोट न काढता बसलेलं गाव,
आणि जमिनीखाली बासष्ट सालची ऑइल फर्नेस
दर सतरा मिनिटांनी घसा खाकरणारी,
जणू तिलाही या विषयावर बोलायचं होतं
पण अध्यक्षांचं लक्ष गेलं नाही.

ऑरिन थिबोडो मागच्या बाकावर होता.
चोवीस वर्षं तो तिचं सगळं बघतोय.
त्यानं हात दोन्ही वेळा खिशातच ठेवला.

मला तिची ओळख वासावरून.
नोकरीच्या पहिल्या दिवशी तळघराचा जिना उतरले
आणि मधल्या पायरीवरच थांबले:
रॉकेल.
इचलकरंजीतला आमचा पितळी स्टोव्ह,
पिन मारताना आईच्या कपाळावर पडणारी आठी,
रेशनवरून आणलेला डबा, ज्याचा वास
हात तीनदा धुतले तरी
भाकरीपर्यंत यायचाच.
ऑरिनला सांगितलं, तर म्हणाला,
मग तुला शिकवायला नको.
आणि लगेच शिकवलं: लाल बटण एकदाच दाबायचं.
दुसऱ्यांदा दाबलं तर ती रुसते.
तिसऱ्यांदा दाबायचं नाही. मला फोन करायचा.

इथल्या जन्ममृत्यूंना तिचाच वास आहे.
खरेदीखतं, कुत्र्यांचे परवाने, एकाहत्तर सालची लग्नं,
पानं उलटताना बोटांना येतो.
कुणी पणजोबा शोधत दुरून येतं,
वही नाकाशी नेतं, विचारतं, जुन्या कागदाचा ना?
मी हो म्हणते.

सप्टेंबरात माणसं आली.
तिचे चार तुकडे करावे लागले, कारण
ती ज्या दारातून आत आली होती
ते दार केव्हाच बुजवलं होतं.
मागची भिंत उघडी पडली. तिच्यावर पेन्सिल:

१४ ऑक्टो. ६२. पेटवली.
९ ऑक्टो. ६३. बर्फ लवकर.
२ नोव्हें. ७३. तेल महाग. बोर्ड म्हणतं स्वेटर घाला.
११ ऑक्टो. ८८. डोनाल्ड गेला. मी पेटवली.

मग काही काजळीनं खाल्लेल्या,
मग चोवीस ओळी एकाच हाताच्या, नुसत्या तारखा.
एकीपुढे, बारीक: मुलगी झाली.

नव्या यंत्राची नळी बाहेर काढायला
ठेकेदाराला भोक नेमकं तिथंच हवं होतं.
मी म्हटलं, एक तास द्या.
फरशीवर मांडी घालून बसले
आणि सगळं नोंदवहीत उतरवलं,
स्पेलिंगच्या चुकांसकट.
खाली: खरी नक्कल. सही. शिक्का.
ऑरिन टॉर्च धरून उभा.
हे कायद्यात बसतं?
मी म्हटलं, शिक्का माझ्याकडे आहे.

आता भिंतीवर सुटकेसएवढी पांढरी पेटी,
बाहेर कुंपणाआड प्रोपेनची टाकी,
म्हशीसारखी बसलेली, पाठीवर बर्फ.
खाकरणं नाही. वासही नाही.
ऑरिन सांगतो, गॅसला स्वतःचा वास नसतोच,
गळला तर माणसाला कळावं म्हणून
वरून घालतात.
हे त्याला पटलेलं नाही. उसना वास, म्हणतो.

ऊब मात्र आहे, खोटं कशाला बोलू.
अकरा हिवाळ्यांत पहिल्यांदा
मी मोजे काढून दाखले टाइप करते.
मधेच मान वर होते, काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटून.
घड्याळ बघते. सतरा मिनिटं.

ऑक्टोबरात त्यानं काहीच लिहिलं नव्हतं.
परवा आला, टोपी हातात, म्हणाला, ती वही दे.
शिक्क्याच्या खाली काही लिहायचं नसतं.
मी पान उघडलं आणि खिडकीकडे बघत राहिले.
पेन्सिल त्याची स्वतःची होती.

१८ ऑक्टो. बटण दाबलं.
पेटलंय म्हणतात.